गेटवरच वायफाय लागलं!

चहा घ्या आधी, गार होईल. आणि एक अट आहे, मधेच कुणी हसायचं नाही. शेवटी हसा, पोट धरून हसा, पण मधे नाही. मधे कुणी हसलं की मला राग येतो, आणि रागाच्या भरात मी काय काय करू शकते तेच आता सांगणार आहे.

माझ्या हातून जो गाढवपणा झालाय ना, तसा आपल्या सोलापुरातल्या अख्ख्या शुक्रवार पेठेत आजवर कुणाच्या हातून झाला नसेल. फोनला वायफाय लागलं म्हणून मी चौदा वर्षांच्या नोकरीचा राजीनामा दिला!

बघा, हसलातच. थांबा, नीट सांगते.

मी चौदा वर्षं तिकडं आसामात एका विद्यापीठात शिकवते. विषय रंगाचा. म्हणजे सुताला, रेशमाला रंग कसा धरतो, कशानं पक्का होतो, कशानं विटतो. भवानी पेठेत आमच्या आप्पांचं सुताच्या रंगांचं दुकान होतं. मी लहानपणी निळ्या नाहीतर लाल हातांनीच शाळेत जायची, तेव्हा दुसरा कुठला विषय घेणार? शिकले, आणि नोकरी मिळाली ती पार देशाच्या दुसऱ्या टोकाला. दोन वर्षांत परत येते म्हणून गेले. दोनाची चौदा झाली. लग्न केलं नाही, ते का हे विचारू नका, चहा पुरणार नाही.

आता आप्पा अठ्ठ्याहत्तरचे. दुकान बंद झालं, आई गेली. एकटेच राहतात, दुपारचा डबा बाहेरून येतो. फोनवर विचारलं, जेवलात का, की म्हणतात, "जेवलो की. दोन भाकऱ्या खाल्ल्या." आणि डबेवाल्या काकू मला वेगळा फोन करून सांगतात, "अक्का, डबा निम्मा परत येतोय." मग मीही तिकडं ताट तसंच सरकवते.

बरं, तिकडं माझं मन रमलंय म्हणावं तर तेही नाही. सगळे मला 'बॉम्बेवाल्या मॅडम' म्हणतात. अहो, मुंबईला मी आयुष्यात चार वेळा गेलेय, त्यातल्या दोन वेळा दवाखान्यात! पहिली दोन वर्षं मी प्रत्येकाला समजावून सांगायची, सोलापूर वेगळं, मुंबई वेगळी. ते मान डोलवायचे आणि विचारायचे, "म्हणजे स्टेशनपासून किती लांब?" एकदा कौतुकानं शेंगाची चटणी नेली, तर स्टाफरूममधल्या कुणीतरी डब्यावर चिठ्ठी चिकटवली, 'बॉम्बे मसाला'. मी त्या दिवशी ठरवून टाकलं, ही माणसं मला कधीच आपली म्हणणार नाहीत.

अशात गेल्या हिवाळ्यात आप्पांनी पेपरातल्या जाहिरातीचा फोटो पाठवला. उलटा. फोन गरागरा फिरवून वाचला. सोलापुरातल्याच एका विद्यापीठात जागा निघाली होती. माझ्याच विषयाची! नाव विचारू नका, त्या बिचाऱ्यांची यात काहीच चूक नाही. खाली आप्पांनी लिहिलं होतं, 'बघ.' एवढंच. पण त्या एका शब्दानं मला दोन दिवस झोप लागली नाही.

अर्ज केला. मुलाखतीचं बोलावणं आलं. तीन गाड्या बदलत सोलापुरात उतरले ती मुलाखतीच्याच दिवशी सकाळी. गाड्या उशिरा, अंग आंबलेलं, त्यात फोनचं रिचार्ज वाटेतच संपलेलं. कुणाला फोन लागेना की मेसेज जाईना. घरी आंघोळ केली, आप्पांच्या पाया पडले, इरकल नेसले आणि निघाले. रिचार्ज करायला सवड कुणाला होती?

आता इथून पुढं लक्ष देऊन ऐका.

विद्यापीठाच्या गेटापाशी रिक्षातून उतरले. पाय जमिनीला टेकतोय न टेकतोय तोच पर्समध्ये टिंग! मग टिंग टिंग टिंग! तीन दिवसांचे अडकलेले सगळे मेसेज धबाधबा येऊन पडले. मी फोन काढला. बघते तर वायफाय लागलेलं! पूर्ण. मी काही दाबलं नव्हतं, पासवर्ड टाकला नव्हता, कुणाला विचारलं नव्हतं. ज्या विद्यापीठात जन्मात पाऊल ठेवलं नव्हतं, तिथलं वायफाय आपण होऊन येऊन माझ्या फोनला भेटलं होतं.

मी जागच्या जागी उभी राहिले. अंगावर काटा आला, खरंच सांगते.

गेटावर वॉचमन होते. खुर्चीत रेलून बसलेले, पुढ्यात रजिस्टर. मी विचारलं, "दादा, हितलं वायफाय सगळ्यांना आपोआप लागतं का हो?"

"न्हाय ओ मॅडम. आमी हितं सा वर्सं झाली हाय, आमचं बी लागत न्हाय. पासवर्ड मागतंय."

"माझं लागलं की!"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. ते खुर्चीत सरळ झाले. "नाव काय म्हनला?"

मी नाव सांगितलं. त्यांनी रजिस्टरवरून बोट फिरवलं. "हाय की! वरनंच नाव आलंय तुमचं. सायबांनी सांगितलंय, ह्यांस्नी थांबवायचं न्हाय, थेट आत सोडायचं. जावा तुमी."

आता तुम्हीच सांगा, माणसानं काय समजावं? मुलाखतीला येणाऱ्यांची साधी यादी असते गेटावर, हे मला कळत नाही का? एरवी कळतं. पण त्या दिवशी डोक्यात एकच चक्र सुरू झालं. वरून नाव आलंय. थेट सोडायचंय. सहा वर्षं इथं असलेल्या माणसाला न लागलेलं वायफाय मला लागलंय. म्हणजे यांनी माझं नाव आधीच आत घालून ठेवलंय! म्हणजे काय? म्हणजे निवड झालेलीच आहे, मुलाखत नुसती नावाला!

आणि खरं सांगू? त्या निवडीपेक्षा मला भरून आलं ते वेगळ्याच गोष्टीनं. माझ्या गावानं मला ओळखलं होतं. चौदा वर्षं बाहेर राहून आलेल्या पोरीला गेटातच हाक मारली होती. मी पदरानं डोळे टिपले आणि आत गेले.

तरी मी रंगाची बाई. एका नमुन्यावर भरवसा ठेवायचा नाही, तपासून घ्यायचं, हे मुलांना रोज शिकवते. वर व्हरांड्यात माझ्यासारखे पाच उमेदवार बसले होते. शेजारी कुंभारी गावाहून आलेले एक तरुण सर होते, फाइल छातीशी धरून. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "सर, हितलं वायफाय लागतंय का तुमच्याकडं?"

"कुटलं ओ मॅडम! लई बारी बघितलं. पासवर्ड मागतंय."

पलीकडच्या मॅडम पुण्याच्या. त्यांनीही फोन पुढं केला. "नाही ना, मघापासून बघतेय."

पुण्याच्या मॅडमचंही नाही! तिथं माझी खात्रीच पटली. उरलेल्या तिघांनाही विचारलं. एकाचं लागलं असेल तर शपथ! सहा जणांत फक्त माझं. मला त्या पाच जणांची इतकी दया आली म्हणून सांगू. कुंभारीच्या सरांना तर मी पर्समधली श्रीखंडाची गोळी दिली आणि म्हटलं, "नाराज होऊ नका हां, आयुष्यात संधी परत येतात." ते गोंधळून "थँक्यू मॅडम" म्हणाले.

मग जिन्यात जाऊन आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. त्याच वायफायवरून.

"आप्पा, झालं काम!"

"एवढ्यात झाली मुलाखत?"

"अजून नाही. पण गेटवरच ओळखलं मला! वायफाय आपोआप लागलं. सहा जणांत माझं एकटीचं!"

आप्पांच्या चेहऱ्याऐवजी मला नुसतं त्यांचं कपाळ दिसत होतं. कपाळ जरा जवळ आलं. मग म्हणालं, "आपोआप?"

"आपोआप!"

"म्हंजे नाव घालून ठेवलंय की त्यांनी आधीच!"

बघा, आमच्या घराण्याचंच डोकं हे. मी म्हटलं, "तेच तर म्हणतेय मी!"

"मग गिरिजा, आता वाट कशाची बघायलीस? तिकडं तीन महिन्यांची नोटीस द्यायची म्हणतीस ना? आजच दे. आजपासनं दिवस मोजायला सुरू होतील. उन्हाळ्यात तू हितं." आणि मग हळूच म्हणाले, "मी डबा बंद करतो म्हणून सांगू का काकूंना?"

या शेवटच्या वाक्यानं मी विरघळलेच. जिन्याच्या पायरीवर बसले आणि राजीनामा लिहायला घेतला.

साधा लिहायचा ना? दोन ओळींचा? नाही! चौदा वर्षांचं साठलेलं सगळं वर आलं. बॉम्बेवाल्या मॅडम वर आलं, बॉम्बे मसाला वर आला. मी इंग्रजीत लिहिलं, अगदी कडक इंग्रजीत, की 'मी राजीनामा देत आहे. चौदा वर्षांत या संस्थेने मला एकदाही आपलं म्हटलं नाही. आज माझ्या गावाने एका क्षणात म्हटलं.' वाचून बघितलं. मलाच टाळी द्यावीशी वाटली. पाठवायचं कुणाला? कुलसचिवांना. मग वाटलं, एकट्यांनाच का? कळू दे सगळ्यांना! 'सर्व कर्मचारी' असा एक पत्ता असतो आमच्याकडं, त्यावर टाकलं. प्राध्यापक, ऑफिस, कॅन्टीनचा ठेकेदार, वसतिगृहाच्या मावश्या, झाडून सगळे. बटण दाबलं. वायफाय इतकं झकास होतं की डोळ्याचं पातं लवायच्या आत गेलंसुद्धा.

दुपारी माझं नाव पुकारलं. तोवर आप्पांचा एक फोटो येऊन पडला होता. पेढ्यांचा पुडा, निम्मा रिकामा. खाली लिहिलं होतं, 'गल्ली झाली. आता चौकाकडं निघालो.'

मी आत गेले ती काय रुबाबात! समोर अध्यक्ष मॅडम, पिकल्या केसांच्या, शांत. शेजारी संगणक विभागाचे एक सर. आणखी दोघं होते, ते शेवटपर्यंत माझ्याकडं टक लावून बघत राहिले, त्यांना काय दोष द्यायचा!

अध्यक्ष मॅडमनी हसून विचारलं, "बसा. चौदा वर्षांची नोकरी सोडून सोलापूरला का यावंसं वाटतं तुम्हाला?"

मी हात जोडले. म्हटलं, "मॅडम, आधी तुमचे आभार मानते. तिकडं चौदा वर्षांत मला कुणी आपलं म्हटलं नाही, आणि इथं तुम्ही गेटातच ओळखलंत. बाकी पाच जणांना बाहेर ठेवून माझ्या एकटीचं वायफाय लावून दिलंत. एवढा मान कुणी देत नाही हो."

उरलेल्या दोघांपैकी एकानं हातातलं पेन खाली ठेवलं.

अध्यक्ष मॅडमनी संगणकाच्या सरांकडं बघितलं. "आपण लावून दिलं?"

"न्हाय मॅडम," सर म्हणाले. मग माझ्याकडं वळले. माणूस फार सभ्य. म्हणाले, "मॅडम, तुमच्या विद्यापीठानं तुमच्या फोनमध्ये कधी काही बसवून दिलं होतं का? वायफायसाठी?"

मला अंधुक आठवलं. दोनेक वर्षांपूर्वी आमच्या नेटवर्क विभागातले सैकिया सगळ्यांचे फोन घेऊन बसले होते. काहीतरी समजावत होते. मी पेपर तपासत होते, लक्षच दिलं नव्हतं.

"बसवलं होतं," मी म्हटलं.

"मग तेच हाय हे. देशोदेशीच्या विद्यापीठांचं सामाईक वायफाय असतंय. नाव सगळीकडं एकच. तुमच्याकडंबी हेच, आमच्याकडंबी हेच."

वायफायचं नाव! चौदा वर्षांत वायफायचं नाव वाचलंय कुणी? तुम्ही वाचता का? मग!

"पण बाकीच्यांचं लागलं नाही ना," मी म्हटलं. बुडणारं माणूस कशालाही धरतं.

"त्यांच्या संस्था ह्यात नसतील. न्हायतर त्यांनी बसवून घेतलं नसंल."

"म्हणजे तुम्ही मला ओळखलं नाही?"

"आमी कसं ओळखणार मॅडम?" सरांना माझी कीव आली होती, ते दिसत होतं. ते अगदी सावकाश, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं सांगायला लागले. "तुमी गेटापाशी आला. तुमच्या फोननं सांगितलं, मी अमक्या विद्यापीठाची. आमच्या यंत्रानं तिकडं आसामात विचारलं, ही बाई तुमची का? तिकडनं उत्तर आलं, व्हय, आमची. मग आमी दार उघडलं. तुमचा पासवर्डसुद्दा आमाला कळत न्हाय. आमाला फकस्त एवढंच कळतंय, आमची म्हनले का न्हाय."

मी विचारलं, "हे कधी विचारता?"

"दर वेळी. तुमी जिथं जाल तिथं, दर वेळी."

"आणि ते दर वेळी हो म्हणतात?"

"म्हनत्यातच की. म्हनून तर लागलं."

आता तुम्हाला सांगते, त्या क्षणी मुलाखत, नोकरी, राजीनामा, सगळं माझ्या डोक्यातून गेलं. मी खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर आपलं सोलापूरचं ऊन, लिंबाचं झाड, धूळ. आणि मी विचार करत होते, इथल्या गेटावरनं एक प्रश्न निघाला, डोंगर, नद्या, अर्धा देश ओलांडून पार ब्रह्मपुत्रेकाठी गेला. तिथं कुणीतरी 'हो, आमची' म्हटलं. ते उत्तर परत सोलापुरात आलं. आणि एवढं होईपर्यंत माझा दुसरा पाय रिक्षातून खाली यायचा होता! आपण माणसं एकमेकांना आपलं म्हणायला किती वर्षं घेतो. मी इथं उभी राहून त्यांना नावं ठेवत होते आणि ते तिकडून माझी हमी देत होते. इतकं थक्क मी आयुष्यात कधी झाले नव्हते. आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती.

"मॅडम," अध्यक्ष मॅडम म्हणत होत्या, बहुतेक दुसऱ्यांदा, "विषयाकडे वळू या का? रेशमावर रंग पक्का बसायला काय लागतं?"

हा प्रश्न मी चौदा वर्षं पहिल्या वर्षाच्या मुलांना परीक्षेत घालते. झोपेत उठवलं तरी उत्तर देईन. मी अध्यक्ष मॅडमच्या डोळ्यात डोळे घालून म्हटलं, "तिकडून 'हो' यावं लागतं."

पुढचं विचारू नका.

बाहेर आले आणि एकदम आठवलं, मेल! राजीनामा! लगेच दुसरा मेल टाकायचा, आधीचा रद्द समजावा, प्रवासात डोकं फिरलं होतं, उन्हानं फिरलं होतं, काहीही. फोन काढला. वायफाय गेलेलं. पुन्हा लावलं, पासवर्ड मागितला. टाकला. चुकीचा. पुन्हा टाकला. चुकीचा. एकेक अक्षर बोलत टाकला. नाही म्हणजे नाही! मेलचं खातंही उघडेना. तोंडचं पाणी पळालं माझ्या.

धावत गेटाकडं गेले. वॉचमन म्हणाले, "काय झालं ओ?"

"वायफाय लागत नाहीये आता! मघाशी होतं हो!"

त्यांनी शांतपणे रजिस्टर उघडलं. "नाव तर हाय की तुमचं."

"दादा, तुमचा फोन देता का एक मिनिट?"

दिला बिचाऱ्यांनी. सैकियांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, तो बघून लावला. सैकियांची हिंदी आणि माझी हिंदी, दोन्ही ऐकण्यासारख्या नाहीत, म्हणून मराठीतच सांगते.

"सैकिया, मी बोलतेय! सोलापूरहून. माझं खातं उघडत नाहीये!"

तिकडून एक लांब श्वास ऐकू आला. "मॅडम, ते मी बंद केलं."

"का?"

"तुमचा मेल आला ना सगळ्यांना. कुलसचिवांच्या ऑफिसातून फोन आला, राजीनामा आलाय, नियमाप्रमाणे खातं बंद करा. केलं."

"अहो, पण एवढ्या लगेच?"

"नियम आहे मॅडम." मग ते जरा थांबले. "मी सकाळी खूश होतो. उत्तर यंत्रच देतं, मला काही करायला लागत नाही, पण नोंद समोर दिसते. सोलापूरकडून विचारणा आली, तुमचं नाव दिसलं, आमच्याकडून 'हो' गेलं. मी इथं सगळ्यांना सांगितलं, आपल्या मॅडम गावाला नीट पोचल्या. एवढा लांबचा प्रवास, काळजी होती. नंतर तुमचा मेल वाचला."

वॉचमनच्या फोनवरून मी रडायला लागले, आणि वॉचमन माझ्यासाठी पाणी आणायला उठले.

"आत्ता तिथून पुन्हा विचारणा येतेय मॅडम," सैकिया म्हणाले. "तीनदा आली. यंत्र 'नाही' म्हणतंय. मी बघतोय बसून. बरं वाटत नाही."

"सैकिया, मी परत आले तर?"

"या की. राजीनामा मेलवर चालतच नाही. कागदावर, तीन प्रतींत, स्वतः येऊन द्यावा लागतो. मेलवर फक्त खातं बंद होतं."

घरी गेले. आप्पा ओट्यावर बसले होते, पुडा रिकामा करून. सगळं सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते उलट पुढं सरकून म्हणाले, "पार आसामातनं 'आमची' म्हणून आलं?"

"हो."

"पापणी लवायच्या आत?"

"त्याच्याही आधी."

"काय माणसं हायत गं!" आप्पा म्हणाले. मग पुड्याकडं बघत म्हणाले, "चौकातल्या लोकांना आता काय सांगायचं? पेढे कशाचे म्हणून?"

"सांगा, वायफाय लागलं म्हणून."

तीन आठवड्यांनी निकाल लागला. कुंभारीच्या सरांची निवड झाली. त्यांचा मला फोन आला, बिचारे मनापासून म्हणाले, "मॅडम, नाराज होऊ नका, संदी परत येत्यात." माझंच वाक्य, माझ्याच गळ्यात! डबेवाल्या काकूंकडून मात्र मी आप्पांना समोर बसून जेवायला लावण्याचं कबूल करून घेतलं. आता डबा रिकामा जातो, तेवढी एक गोष्ट त्या खेपेत बरी झाली.

सुटी संपवून मी मान खाली घालून आसामात परतले. मेल सगळ्यांनी वाचलेला! वाटलं, कुणी तोंड बघणार नाही. पण तिकडची माणसं भलतीच. गेटावरचा पहारेकरी म्हणाला, "या, आमच्या मॅडम!" कॅन्टीनमध्ये चहा समोर ठेवताना, "आमच्या मॅडमचा चहा!" वर्गात गेले तर फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'आमच्या मॅडम'. चिडवत होते हो मला! आठ दिवस कुणी 'बॉम्बे' शब्द काढला नाही. मला तर त्या शब्दाची आठवण यायला लागली!

पण वायफाय? बंद. खातं पुन्हा उघडायला वरची मंजुरी लागते, तिला वेळ लागणार होता. तोवर सैकिया म्हणाले, पाहुण्यांचा फॉर्म भरू. चौदा वर्षं काम केलेल्या ठिकाणी मी पाहुणी! फॉर्मवर विचारलं होतं, 'भेटीचं कारण'. सैकियांनी लिहिलं, 'नोकरी'. आणि खाली होतं, 'अर्जदारास ओळखणाऱ्या व्यक्तीचं नाव व सही'.

"एक नाव लागतं," सैकिया म्हणाले. "ठेवा माझ्याकडं, मी बघतो."

संध्याकाळी त्यांनी फॉर्म आणून दाखवला. त्या एका रकान्यात सतरा सह्या होत्या! रकाना संपला म्हणून समासात, समास संपला म्हणून मागच्या बाजूला. विभागप्रमुखांची सही, पहारेकऱ्याची, वसतिगृहाच्या मावशींचा अंगठा, माझ्या विद्यार्थ्यांच्या सह्या. प्रत्येकासमोर 'ओळख' म्हणून लिहिलेलं, 'आमच्या मॅडम'. मी तो कागद छातीशी धरला आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. रडतच सैकियांच्या हातात परत दिला, आणि त्यांनी तो वर पाठवला.

दोन दिवसांनी फॉर्म परत आला. नामंजूर!

मी भडकलेच. तरातरा नेटवर्क विभागात गेले. "सैकिया, एक सही लागते, इथं सतरा आहेत! आणखी किती माणसं आणू? काय कमी आहे या कागदात?"

सैकियांनी कागद सरळ केला आणि तळाच्या एका रिकाम्या रेघेवर बोट ठेवलं.

"अर्जदाराची सही मॅडम. सगळ्यांनी केली. तुमचीच राहिली."